बिनचिठ्ठीचे आवाज

मंगळवार, ५ मार्च

मशीन सकाळपासून ओरडतंय — जागा संपत आली, जागा संपत आली! जशी काही मीच पसरून बसलेय आत.

मुलगा परदेशी जाताना हे मशीन ह्यांच्या टेबलावर मांडून गेला होता. त्याला तो पेटी म्हणतो. उघडली की यादी दिसते — तारीख, काय, कोणाचं. ओळीवर बोट ठेवलं की फोटो दिसतो, नाहीतर आवाज येतो. ह्यांचं सकाळचं पोथीवाचन मी रोज फोनवर भरून घ्यायचे आणि हे ते पेटीत टाकायचे. मुलाला तिकडे परमुलखात सकाळी बाबांचा आवाज हवा असायचा म्हणून. नंतर मलाच सवय झाली.

आज बसून बघितलं तर यादीत प्रत्येक वाचन दोनदा! एकदा ‘बाबा’ म्हणून, एकदा ‘रोजचं’ म्हणून. एकच वस्तू दोन ठिकाणी कशाला? साखरेचे दोन डबे कोणी भरून ठेवतं का? एकेक जोडी बघून त्यातली एक ओळ पुसली. मशीन दर वेळी विचारतं — खरंच पुसायचं? अरे हो रे बाबा!

दुपार गेली त्यात. जागा मात्र होती तेवढीच. तसूभर वाढली नाही. एवढं काढून टाकलं ते गेलं कुठे?

हे खिडकीपाशी खुर्चीत. बघत होते. म्हटलं, "बघा, तुमचा पसारा आवरतेय." मान वळवली. झटका आल्यापासून ह्यांचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात. मी बोलते आणि ते ऐकतात. की नाही ऐकत, देव जाणे.

बुधवार, ६ मार्च

आज बाजारात भाजीवाल्याशी बोलले. बाकी कोणाशी नाही. त्याच्याशी तरी काय — "जास्त होतात, कमी करा." तेवढ्यानंही बरं वाटलं.

गुरुवार, ७ मार्च

वाचाबाई आली होती. बोलायला शिकवणारी. तिच्या पदवीचं नाव लांबलचक आहे, मी आपली वाचाबाई म्हणते. तिलाही आवडलंय. हसते नि म्हणते, "काकू, कार्डच छापून घेते!"

चित्रं दाखवली — कप, कुलूप, चप्पल. ह्यांनी ओठ हलवले. हवा आली नुसती. मग मान खाली.

जाताना दारात म्हणाली, "काकू, काका पूर्वी पाठ असलेलं काही म्हणायचे का? रोज, तेच तेच? मनात खोल गेलेलं आधी बाहेर येतं. कप-कुलूप मागून येईल. त्यांच्याच आवाजात असेल तर ऐकवा आणि त्यांना सोबत म्हणू द्या."

मी म्हटलं, "असेल तर काय! तीन महिन्यांचं आहे!" किती दिवसांनी कोणी आपल्याकडे असलेली वस्तू मागितली. पेटी उघडली.

नाही.

एकही नाही. यादीत घराचे कागद आहेत, मुलाचे शाळेतले फोटो आहेत, सुनेनं पाठवलेलं कसलंसं पडद्याचं माप आहे. ह्यांचं वाचन एकही नाही. ‘बाबा’ नाही, ‘रोजचं’ नाही. खाली गेले, वर आले. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

मी पुसलं. माझ्या ह्या हातांनी. आवरायची भारी हौस! ह्यांना आता आवाज नाही, आणि होता तो मी झाडून टाकला. देवा, मला काही सुचत नाही.

वाचाबाईला म्हटलं, "सापडत नाहीये, पुढच्या खेपेला." ह्यांच्याकडे बघवलं नाही.

शुक्रवार, ८ मार्च

मुलाला फोन. लागेना. तिकडे त्याची रात्र असते तेव्हा माझी सकाळ. शेवटी दुपारी लागला.

"आई, आधी रडणं थांबव. काहीही गेलेलं नाही."

म्हटलं, "यादीत नाही रे! स्वतः बघितलं."

"यादीत नाही. पण यादीत कधी नव्हतंच ते."

तो डेटाबेस सांभाळतो, एवढं मी लोकांना सांगायचे. म्हणजे नक्की काय, ते आज कळलं. यादीच्या ओळीत छोट्या गोष्टी मावतात — नाव, तारीख. अर्ध्या तासाचं वाचन ओळीत ठेवलं तर यादी एवढी फुगेल की एक नाव शोधायला सगळं उपसत बसावं लागेल. म्हणून मोठा माल मागे गोदामात ठेवायचा आणि ओळीत फक्त त्याचा नंबर. चिठ्ठी म्हण ना, असं म्हणाला.

"तू चिठ्ठ्या फाडल्यास, आई. माल आत आहे. म्हणून तर तुझी जागा वाढली नाही."

आणि गोदामातही अख्खा ठेवत नाहीत! छोटे छोटे सारखे तुकडे करतात, तुकड्यांना ओळीनं आकडे टाकतात. मधलंच वाचन ऐकायचं झालं तर तिथलाच तुकडा काढायचा, सगळं उचलायला नको. मला पटकन कळलं. धान्याचं पोतं घरात आलं की आपण ते डब्यांतच भरतो. रोज कोण पोतं उचलणार?

"बरोबर!" म्हणाला. "छोटं असतं तोवर ओळीतच असतं. फार मोठं झालं की बाहेर ठेवतात, ओळीत फक्त पत्ता राहतो."

"तुझ्यासारखं," म्हटलं. "लहान होतास तोवर घरात. मोठा झालास, बाहेर गेलास. घरात पत्ता."

मी असं बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलं.

मग म्हणाला, "एक मात्र कळत नाही. जोडीतल्या दोन्ही ओळींत नंबर एकच होता. एक पुसलीस तरी दुसरी राहायला हवी होती. दोन्ही कशा गेल्या?"

"मीच पुसल्या असणार. डोळे आता कुठे धड आहेत माझे?"

"हं," म्हणाला. आणि मग खरी गोष्ट सांगितली. पेटी लहान म्हणून त्यानं आत एक आपोआप चालणारा झाडू लिहून ठेवलाय. दर रविवारी पहाटे तो गोदामात फिरतो. एकेक माल उचलतो आणि बघतो, ह्याचा नंबर कुठल्या ओळीत आहे का? नसेल तर फेकतो.

"त्या मालाला आम्ही अनाथ म्हणतो."

"असलं नाव ठेवतात का रे?"

"आई, आज शुक्रवार आहे."

रविवार, १० मार्च

काल मुलगा झाडू कसा थांबवायचा ते फोनवर सांगत होता — इथे जा, हे लिही, ते दाब. मी चुकत होते, तो दातओठ खात होता. "आई, डावीकडे! डावीकडे म्हणजे डावीकडे!" मागून सून म्हणाली, "अहो, ओरडताय काय त्यांच्यावर?" त्याला कामावरून बोलावणं आलं. "संध्याकाळी करू," म्हणाला. संध्याकाळी फोन नाही.

मग मी देवाचं नाव घेतलं आणि वायरच उपटली.

आज इथल्या पहाटे, तिकडच्या रात्री, तो जागा होऊन फोन करतो — "आई, झाडू! काय झालं?" मी सांगितलं. हसला. किती दिवसांनी हसला. म्हणाला, "आमच्या ऑफिसातले मोठमोठे लोकसुद्धा शेवटी हेच करतात."

मशीन मुकं. हेही मुके. रविवार आहे. घरात फक्त घड्याळाचा आवाज.

सोमवार, ११ मार्च

सकाळी म्हटलं, रविवार टळला, आता लावावं. वायर हातात घेतली तेवढ्यात फोन. देवच धावला!

"लावलंस का? नको लावू! चुकलेली पाळी तो उठल्या उठल्या भरून काढतो."

"एवढा इमानी? मोलकरणीत नाही बघितला असा."

"मीच लिहिलाय तसा," म्हणाला. जरा ओशाळून. म्हणाला, "येतो मी. शनिवारी येतो, समोर बसून करू."

मी लगेच मनात त्याची खोली आवरायला लागले.

मंगळवार, १२ मार्च

येत नाहीये. काम निघालं.

बुधवार, १३ मार्च

आज फोनवरच केलं. अर्धा दिवस त्यानं सुट्टी घेतली, असं सून म्हणाली. तो बोलला नाही. मशीन सुरू करताना एक कळ दाबून धरायची, म्हणजे झाडू उठत नाही. मग झाडूचं नाव शोधून त्याच्यापुढे खूण करायची. दोनदा मी भलतीच कळ दाबली. त्यानं आज एकदाही आवाज चढवला नाही. "सावकाश, आई. मी आहे."

झाडू झोपला!

मग पडद्यावर आकडे आले. गोदामातला सगळा बिनचिठ्ठीचा माल. आकडे, आकडे, आकडे. नाव नाही, तारीख नाही. "कुठलं कधीचं, ते ओळीतच होतं," म्हणाला. "आता उघडून ऐकायचं, ओळखायचं आणि नवी ओळ लिहायची. मलाही दुसरा रस्ता नाही. ऐकशील?"

ऐकशील म्हणे! मला दुसरं काम तरी काय आहे?

पहिला आकडा उघडला. आणि ह्यांचा आवाज खोलीत आला. खणखणीत. घसा साफ करून, मग सुरुवात.

मी पदर तोंडाला लावला. किती तरी वेळ मी इथे आणि तो फोनवर, दोघं नुसतं ऐकत होतो.

ह्यांच्याकडे बघितलं तर डोळे मिटलेले. वाटलं, समाधान झालं.

शुक्रवार, १५ मार्च

तीन दिवस हेच चाललंय. स्वयंपाक उरकायचा आणि बसायचं. एक आकडा, एक वाचन, एक ओळ.

तारीख कशी ओळखायची? अध्याय ऐकून. आणि मागच्या आवाजांवरून! एकात गच्चीवरच्या टाकीचं काम चाललेलं ऐकू येतं — म्हणजे तो महिना. एकात ह्यांना सर्दी. एकात मी आतून ओरडतेय, "दूध बघा हो, दूध!" आणि हे ओवी न सोडता नुसतं "हूं" म्हणतात. दूध उतू गेल्याचा आवाज. मग माझी बडबड. मग ह्यांची पुढची ओवी — जरा मोठ्यानं, माझा आवाज बुडवायला!

एकात मध्येच थांबून विचारतात, "काल भाजीत मीठ घालायचं राहिलं, की वाचवलंस?"

मी इतकी हसले! हसत हसत वळले ह्यांच्याकडे, "ऐकलंत? काय टोमणा मारलाय!"

हे भिंतीकडे बघत होते.

हसू तोंडावरच राहिलं. पेटीतल्या घरात दोन माणसं राहतात. भांडतात, बोलतात, एकमेकांचं बोलणं तोडतात. हे घर मात्र गप्प. मी त्या घरातली की ह्या?

शनिवार, १६ मार्च

आज वाईट झालं.

सकाळी वाचन लावलं होतं, खिडकी उघडी. समोरची शिवणवाली धावत आली. गळ्यात टेप, हातात कुणाची तरी अर्धी बाही. चप्पलसुद्धा एकच. "वहिनी! बोलले? भाऊजी बोलले? मी मशीनवर होते, कानावर आलं — अगदी पूर्वीसारखं! देव पावला हो तुम्हाला!"

आणि सरळ ह्यांच्यापुढे जाऊन उभी. हसत. वाट बघत.

हे तिच्याकडे बघत राहिले. मागे पेटीत त्यांचंच वाचन चाललेलं.

तिला कळलं. बाही चुरगळत म्हणाली, "होय का... मशीन होय. मला वाटलं..." आणि गेली. बिचारीचा काय दोष.

ह्यांनी दिवसभर जेवण घेतलं नाही. चमचा पुढे केला की तोंड मिटायचे. मी चिडले. म्हटलं, "तुमच्याचसाठी चाललंय ना सगळं! मी काय हौसेनं बसते त्या खोक्यापुढे?"

खोटं बोलले. हौसेनंच बसते.

मंगळवार, १९ मार्च

वाचाबाई खूश. "काकू, खजिना आहे हा!" वाचन लावलं, ह्यांचा डावा हात हातात घेतला, ताल धरला. "चला काका, सोबत. पहिला शब्द नुसता. तुमचाच आवाज आहे, परक्याचा आहे का? लाजता काय!"

ह्यांचे ओठ घट्ट मिटलेले. कपाळावर घाम. कप-कुलपाला निदान हवा तरी यायची, आज तीही नाही. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा. मग ह्यांनी हात काढून घेतला.

"होतं असं," म्हणाली. "रोज लावत राहा. सोडू नका."

बरं म्हटलं.

तो आवाज इतका चांगला आहे ना. कुठे अडखळणं नाही. त्याच्याशेजारी बसून हवा काढायची, म्हणजे कसं वाटत असेल — असं एक क्षण मनात आलं. मग कुकरची शिट्टी झाली, उठले.

बुधवार, २० मार्च

सगळं झालं! शेवटच्या आकड्याची ओळ लिहिली. दोन वाचनांच्या तारखा काही केल्या कळल्या नाहीत, त्यांच्यापुढे ‘कधीतरी’ असं लिहिलं. मुलगा म्हणाला, "आई, आमच्या डेटाबेसात ‘कधीतरी’ चालत नाही." म्हटलं, "माझ्यात चालतं."

"आता कोणी अनाथ नाही," म्हणाला. "प्रत्येकाची चिठ्ठी आहे. झाडू पुन्हा लावू या, नाहीतर पेटी तुंबेल. रविवारी येईल, बघेल आणि हात न लावता जाईल."

लावला. मनात धाकधूक. पण तोच म्हणतोय ना.

काम संपलं तसा फोनही संपला. गेले कित्येक दिवस तो रोज बोलत होता. आज ठेवताना म्हणाला, "चल, आता काही अडलं तरच कर."

संध्याकाळी दिवा लावला. हात जोडले तर मागायला काही सुचेना. ह्यांचा आवाज मागत होते, तो मिळाला. मग हे रिकामं काय वाटतंय?

गुरुवार, २१ मार्च

वाचाबाईनं सांगितलंय म्हणून सकाळी लावलं. ह्यांनी डाव्या हातानं कान झाकला. एकच झाकता येतो.

मी आवाज थोडा कमी केला. थांबवला नाही.

शुक्रवार, २२ मार्च

बाजाराची पिशवी विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. हे मशीनपुढे बसलेले. खुर्ची तिथवर कशी ओढली, कोण जाणे. डाव्या हाताचं एक बोट. ओळ — खरंच पुसायचं? हो. पुढची ओळ — खरंच पुसायचं? हो. सावकाश, न चुकता. निम्मी यादी रिकामी.

म्हणजे त्या बुधवारीही मी बाजारात होते, आणि हे इथे, उरलेल्या ओळी पुसत.

दारातच उभी राहिले. पाठीला डोळे असतात म्हणतात ना, तसे वळले. घाबरले नाहीत. माझ्याकडे बघत ओठ जुळवले, कितीतरी वेळ.

"नको," म्हणाले.

म्हणाले! जाड, घोगरा, कोणाचा तरी नवाच आवाज. पण त्यांचा.

मी स्टूल ओढून शेजारी बसले. म्हटलं, "एक तरी राहू द्या. तुमच्यासाठी नको. मला."

ह्यांनी बोट पडद्यावरून काढलं.

"एक."

परवा झाडू येईल, बाकीचे घेऊन जाईल. मुलाला कळवायचं नाही, असं ठरवलंय.